चित्र काढताना शेजारी कोण बसतं?

विठ्ठलवाडी स्टेशनातून बाहेर पडलं की शाळेच्या सामानाच्या छोट्या दुकानांत बारा खडूंची रंगपेटी टांगलेली दिसते. वीस-पंचवीस रुपये, म्हणजे दीड-दोन वडापावांचे पैसे. चित्रकलेची वही थोडी महाग, पण पाठकोरे कागद झेरॉक्सवाल्याकडे मागितले तर तो गठ्ठाभर देतो. तरीही ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर हिशेब जुळत नाही, त्या घरातल्या मुलाची रंगपेटी बहुतेकदा कपाटाच्या वर ठेवलेली असते आणि ती खाली काढायला त्याला विचारावं लागतं. ती पेटी वर का जाते, याचं उत्तर शोधू लागलं की घरचं उत्पन्न, मुलांची चित्रं आणि आई-बापांशी त्यांचं नातं या तीन गोष्टींची गाठ कुठे बसलेली आहे ते दिसू लागतं.

दहा बाय बाराची एक खोली डोळ्यांसमोर आणा. कल्याण पूर्वेच्या चाळींत आणि पलीकडे उल्हासनगरच्या गल्ल्यांत अशा खोल्या दाटीवाटीनं उभ्या आहेत. त्याच खोलीत ओटा, पलंग, टीव्ही आणि देव्हारा. आई जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणते. गठ्ठा जमिनीवर पसरलेला असतो, पैसे नगावर मिळतात, आणि एखाद्या पॅंटवर रंगाचा डाग पडला तर तो तिच्या माथी. पाणी ठरलेल्या वेळी येतं, तेही भरून ठेवायचं. युनिफॉर्मचे जोड दोनच. भिंत घरमालकाची, करार अकरा महिन्यांचा. मुलानं ब्रश पाण्यात बुडवला की त्या बाईच्या मनात क्षणात चार हिशेब होतात: पाणी, कपडा, गठ्ठा, भिंत. तोंडातून एवढंच निघतं, "पसारा नको रे."

या 'नको'मागे चिकूपणा नसतो आणि मुलाच्या चित्राचा तिटकाराही नसतो. ते जागेचं आणि पाण्याचं गणित असतं. अर्धवट राहिलेलं चित्र वाळत ठेवायला एक कोपरा लागतो, उद्या ते तिथेच सापडेल अशी खात्री लागते. ज्या घरात रात्री जमिनीवर गाद्या पडतात, तिथे ही खात्री देता येत नाही. रंगांची किंमत वीस रुपये असली, तरी रंगवण्याची किंमत त्याहून पुष्कळ जास्त असते, आणि ती कुठल्याच पावतीवर छापलेली नसते.

यात वडिलांचीही बाजू आहे. विठ्ठलवाडीहून सीएसएमटी पन्नास किलोमीटरांहून जास्त लांब. कर्जत, बदलापूर किंवा अंबरनाथची लोकल पकडून सकाळी सातला निघालेला माणूस रात्री साडेआठ-नऊला घरी येतो. तोवर मूल जेवून पेंगत असतं. दिवसभराचं चित्र कुणाला दाखवायचं म्हणून त्यानं ते उशाखाली ठेवलेलं असतं. हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

पैशाच्या चणचणीचा नात्यावर नेमका कसा परिणाम होतो, याचा फार चिवटपणे अभ्यास झाला तो अमेरिकेतल्या आयोवा या शेतीच्या राज्यात. १९८०च्या दशकात तिथे कर्जाचे व्याजदर चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शेतं लिलावात गेली. समाजशास्त्रज्ञ रॅंड कॉंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून तिथल्या ४५१ कुटुंबांचा मागोवा घेतला. त्यांना दिसलेली साखळी अशी होती: उत्पन्न घटलं की बिलं थकतात, खर्च कापावे लागतात; त्या रोजच्या दडपणानं आई-वडील खचतात किंवा चिडचिडे होतात; नवरा-बायकोत खटके उडतात; आणि त्याचा शेवट मुलांशी तुटक, करड्या वागण्यात होतो. मुलाच्या मनावर जो ओरखडा उठतो, त्याचा मोठा भाग या शेवटच्या कडीतून येतो.

ही साखळी समजली की एक दिलासा मिळतो. गरिबी थेट मुलाच्या मनात शिरत नाही, ती आई-बापांच्या थकव्याच्या वाटेनं येते. पगार वाढवणं कुणाच्या हातात लगेच नसतं. पण शेवटच्या कडीवर, म्हणजे मूल आणि मोठं माणूस एकत्र असतात त्या थोड्या मिनिटांवर, काही करता येतं. चित्र काढणं तिथेच उपयोगी पडतं. कसं, ते पाहण्यासाठी मूल चित्र काढताना काय करत असतं ते आधी पाहायला हवं.

साधारण दीड वर्षाच्या सुमारास हातात खडू आला की मूल रेघोट्या मारतं. त्याला काहीही 'काढायचं' नसतं. आपण हात हलवला आणि कागदावर खूण उरली, याचाच त्याला अचंबा असतो. ऱ्होडा केलॉग या अमेरिकन बाईंनी जगभरातून मुलांची दहा लाखांहून जास्त चित्रं जमवली, आणि १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रेघोट्यांचे वीस मूळ प्रकार नोंदवले. मग रेघेचं वर्तुळ जुळतं. तीन-चार वर्षांचं मूल त्या वर्तुळालाच डोळे आणि खाली दोन पाय काढतं. धड नाहीच, हात असले तर थेट डोक्यातून. बेडकाच्या पिल्लासारखा हा माणूस देशोदेशीची मुलं काढतात. त्यानंतर येतात आरपार घरं. भिंत काढलेली असूनही आतली आजी, गॅस आणि झोपलेलं बाळ सगळं दिसतं. फ्रान्सचे जॉर्ज-आंरी ल्यूके यांनी शंभर वर्षांपूर्वीच याचं मर्म सांगितलं होतं: मूल दिसतं ते काढत नाही, त्याला जे ठाऊक आहे ते काढतं.

म्हणूनच चार वर्षांच्या मुलाला "हात इथून येतो का?" म्हणून त्याचं चित्र दुरुस्त करणं हा त्याच्या समजुतीचा अपमान आहे. माझं मत याबाबतीत पक्कं आहे. आपण सफरचंद काढून देऊन "असं काढ" म्हटलं की मूल सफरचंद शिकतं, पण त्याला ठाऊक असलेली आजी कागदावर यायची थांबते.

आता शेजारी बसण्याबद्दल. नऊ-दहा महिन्यांचं बाळ बोट दाखवून 'ते बघ' म्हणू लागतं, तिथपासून माणसाच्या पोराची एक मोठी भूक सुरू होते: मी पाहतोय तेच तूही पाहावंस. भाषा, विश्वास, समजूत यांची मुळं या एकत्र पाहण्यात आहेत. चित्र ही दोघांनी मिळून पाहण्याची आयती जागा आहे. त्यात मोबाइलसारखं सरकणारं काही नाही, उत्तर चुकण्याची भीती नाही, आणि शब्द सुचले नाहीत तरी रेघ चालू राहते. आईनं भाजी निवडताना कागदाकडे पाहून "हे कोण धावतंय?" एवढं विचारलं तरी मूल पाच मिनिटं बोलतं. "छान!" म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. "हे काय काढलंयस?" यात परीक्षकाचा सूर येतो. "यात काय चाललंय, सांग ना" याला मात्र गोष्ट मिळते, आणि त्या गोष्टीत शाळेतली भांडणं, बाबांचं ओरडणं, जिन्यातली काळोखाची भीती असं बरंच काही न विचारता बाहेर येतं.

एक सावधगिरी. काळा रंग वापरला म्हणजे मूल दुःखी, आईला लहान काढलं म्हणजे आईवर राग, असले अर्थ व्हॉट्सॅपवर फिरतात. त्यांना आधार नाही. काळा खडू बऱ्याचदा एवढ्यासाठीच वापरला जातो की पांढऱ्या कागदावर तो उठून दिसतो, किंवा पेटीत तोच शिल्लक असतो.

कलेचा ताणावर होणारा परिणाम शरीरातही मोजता येतो. फिलाडेल्फिया शहरात गरीब घरांतल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी एक बालवाडी आहे. तिथे रोजच्या दिवसात संगीत, नृत्य आणि चित्रकला यांचे तास गुंफलेले असतात. एलिनॉर ब्राउन आणि सहकाऱ्यांनी अशा ३१० मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं. ताण आला की शरीरात वाढणारं हे संप्रेरक. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या वर्गापेक्षा कलेच्या तासानंतर मुलांमधलं कॉर्टिसॉल कमी आढळलं. पण वर्षाच्या सुरुवातीला हा फरक दिसला नाही, तो वर्षाच्या मध्यावर आणि शेवटी दिसला. मला यातला हाच तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. रंग हातात दिले की मूल शांत झालं, असं जादूसारखं घडत नाही. तीच जागा, तीच माणसं, तीच वेळ पुन्हा पुन्हा मिळाली, की मग शरीर सैलावतं.

गरीब घरांतल्या मुलांना अशी जागा देण्याचा प्रयोग फिलाडेल्फियाच्या कितीतरी आधी आपल्या ठाणे जिल्ह्यात झाला आहे. आज पालघरमध्ये असलेला डहाणू तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी सुरू केली. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. बालपणी लग्न झालेलं, तेराव्या वर्षी वैधव्य आलेलं. माँटेसरी पद्धतीची घडीव लाकडी साधनं महाग होती, गावातल्या शाळेला ती परवडणारी नव्हती. या दोघींनी समुद्रकाठच्या गावात आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर हाताशी जे होतं तेच साधन केलं. शिंपले, चिंचोके, बिया, पानं, काड्या, खडे, माती. मोजायला चिंचोके, नक्षीला शिंपले, चित्राला माती.

पण साधनांपेक्षा त्यांनी घेतलेला दुसरा निर्णय मोठा होता. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा मुलांना दोष न देता बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. अंगणात भरल्यामुळे आई भांडी घासता घासता पाहत होती, आजी उंबऱ्यावर बसून ऐकत होती, आणि मूल शिंपल्यांचं जे काही मांडत होतं ते घराच्या डोळ्यांदेखत मांडत होतं. १९५७ साली काम कोसबादला हललं, तिथे गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल गुरांमागे जाणार असेल, तर शाळा कुरणावर जाईल. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. शब्द सगळीकडे पोचला. अंगण मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिलं; शहरातली अंगणवाडी एका भाड्याच्या खोलीत भरते आणि आई मुलाला दारात सोडून कामाला पळते.

त्याच डहाणू तालुक्यातलं गंजाड हे जिव्या सोमा मशे यांचं गाव. वारली समाजात लग्नाचा चौक लिहायचा मान सुवासिनींचा. गेरू-शेणानं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढाच खर्च. जिव्या लहान असताना त्यांची आई गेली आणि ते पोर बोलेनासं झालं, धुळीत रेघा ओढूनच ते सांगू लागलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं त्या पाड्यांवर कागद नेला, आणि जिव्यांची रेघ भिंतीवरून कागदावर आली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू बापाच्या शेजारी बसून शिकले; तिथे ना फी होती, ना प्रमाणपत्र. लग्नाच्या घरी बायका चौक लिहायच्या तेव्हा पोरंसोरं भोवती असायचीच. ती घरं उत्पन्नानं राज्यातल्या सर्वांत गरीब घरांपैकी होती, हे इथे विसरू नये.

आता जरा बऱ्या उत्पन्नाच्या घरांकडे येऊ. विठ्ठलवाडी-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात इमारतीआड एक चित्रकलेचा क्लास आहे. सातवी-आठवीत एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या शासकीय परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन असे विषय असतात. त्यांनी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना पेन्सिल धरायला शिकवलं, आणि गावखेड्यांतल्या अनेक मुलांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा रस्ता दाखवला. या परीक्षांबद्दल मला आदर आहे. पण दहावीच्या निकालात 'अ' श्रेणीला ७, 'ब'ला ५ आणि 'क'ला ३ वाढीव गुण मिळू लागले, तेव्हापासून घराघरांतला प्रश्न बदलला. "काय काढलंस?" याऐवजी "सात मिळतील ना?"

बक्षिसाचं काय होतं, हे स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या, १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तपासलं गेलं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी मुळातच आवडीनं चित्रं काढणाऱ्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी तारा लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला चित्र काढून झाल्यावर अचानक ते दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पुन्हा स्केचपेनं ठेवली, तेव्हा बक्षिसासाठी चित्र काढलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर मात्र हा परिणाम झाला नाही. म्हणजे कौतुकात वावगं काही नाही. सौदा झाला की गोडी जाते.

क्लासचा आणखी एक परिणाम होतो, तो कमी बोलला जातो. चित्र घराबाहेर जातं. आई मुलाला गेटवर सोडते, दीड तासानं घेऊन येते, आणि चित्र सरांच्या फाइलमध्ये राहतं. ॲनेट लॅरो या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ८८ कुटुंबांचा अभ्यास करून २००३ साली 'अनइक्वल चाइल्डहूड्स' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी मध्यमवर्गीय घरांच्या पद्धतीला शेतकऱ्याचा शब्द वापरला: मशागत. मुलाचा प्रत्येक तास नांगरलेला, पेरलेला, क्लासांनी भरलेला. कष्टकरी घरांत मुलं आपोआप वाढू दिली जातात. मशागत झालेली मुलं पुढे शाळा-कचेऱ्यांत धिटाईनं बोलतात, हे त्यांनी नोंदवलं. पण ती थकलेलीही असतात. कष्टकरी घरांतल्या मुलांना मोकळा वेळ आणि चुलत-मावस भावंडांचा सहवास जास्त मिळतो, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. एका घरात पैसा नाही म्हणून पेटी कपाटावर, दुसऱ्या घरात पैसा आहे म्हणून चित्र क्लासच्या फाइलमध्ये. शेजारची जागा दोन्हीकडे रिकामी.

ही जागा आपल्याकडे वर्षातून एकदा तरी भरते, आणि ती भरते मातीनं. दिवाळीची सुट्टी लागली की चाळीच्या कोपऱ्यात विटा-दगड रचले जातात, वर गोणपाट, गोणपाटावर लाल मातीचा चिखल. बुरूज थापताना अख्खी चाळ सल्ले देते. वडील सुट्टीच्या दिवशी बर्म्युडा घालून खाली उतरतात आणि "प्रतापगडाचा रस्ता असा वळतो" म्हणून चिखलात हात घालतात. अळीव-मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते. चाळीत वाढलेल्या मोठ्या माणसांना वडिलांबरोबरची जवळीक कधी जाणवली असं विचारा. किल्ला आणि कंदील ही दोन उत्तरं मला नेहमी मिळाली आहेत. कंदिलाचंही तेच. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्यानं चौकोन बांधायचे, घोटीव कागद कापायचा, मैद्याची खळ शिजवायची, झिरमिळ्या चिकटवायच्या. कामट्या बापाच्या हाती, खळ आईच्या हाती, झिरमिळ्या पोरांच्या. कंदील तिरका झाला तरी तोच लागतो, कारण तो घरी केलेला असतो. दारातली ठिपक्यांची रांगोळीही अशीच: आजी ठिपके देते, नात जोडते, आणि सकाळी पुसली गेली तरी चित्र गेल्याचं दुःख कुणाला होत नाही. खर्च शंभर रुपयांच्या आत, जागा दारातली, वेळ सर्वांचा. ताराबाई आणि अनुताईंनी अंगणात जे घडवलं ते हेच.

हे रोज जमणार नाही, मान्य. पण आठवड्यात एकदा, ठरलेल्या वारी, वीस मिनिटं जमतं. फिलाडेल्फियाच्या मुलांनाही ठरावीकपणाच लागला होता. पाणी वाचवायचं तर मेणाचे खडू आणि पाठकोरा कागद. जागा नसेल तर जेवणानंतर पुसलेली फरशी आणि शाळेचा पांढरा खडू, झालं की फडकं मारलं. धागे कापतानाही शेजारी बसता येतं. चित्र दारामागे खिळ्याला अडकवा, रात्री उशिरा येणाऱ्या माणसाला ते चपला काढतानाच दिसेल.

आणि एक विनंती, ती आई-बापांना नाही, तर इमारतींच्या कमिट्यांना आणि चाळमालकांना. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात एकामागून एक कंपाउंडं पेव्हर ब्लॉकनं झाकली गेली. चिखल गेला, पार्किंग आलं, आणि दिवाळीत किल्ल्यासाठी माती पिशवीतून विकत आणायची वेळ आली. पुढच्या वेळी ब्लॉक बसवायला घ्याल, तेव्हा जिन्याजवळचा पाच बाय पाचचा एक कोपरा मातीचाच राहू द्या.